व्हीगन मेकअप किट: ब्रँड नंतर, आधी डबीची पाठ

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकची एक मेकअप आर्टिस्ट, ब्रायडल कामाचं तिसरं वर्ष. फेब्रुवारीतल्या एका नवरीने बुकिंग करतानाच सांगितलंय, "चेहऱ्याला लागणारं सगळं व्हीगन आणि क्रुएल्टी-फ्री हवं." हातात पंधरा हजार रुपये आहेत, किट बदलावं लागणार. "ताई, कोणते ब्रँड घेऊ?"

नावं सांगते, पण शेवटाकडे. कारण यादी घेऊन दुकानात गेलीस तर तू तेच करशील जे मी २०१९ साली केलं.

सांगलीजवळचं लग्न, जैन कुटुंब. नवरीच्या आईने आधी फोनवर विचारलं होतं, "तुमच्या सामानात जनावरांचं काही नसतं ना?" मी ठासून म्हणाले, "नाही हो काकू, सगळं क्रुएल्टी-फ्री आहे." खोक्यावर ससा होता, म्हणजे प्राण्यांवर चाचणी नाही ही खूण, मला तेवढं पुरे होतं. मुहूर्ताला दीड तास उरला होता, मुंडावळ्या बांधायच्या बाकी होत्या. नवरीची धाकटी बहीण फार्मसीला होती. तिने सहज माझ्या ट्रेमधून लाल लिपस्टिकचं खोकं उचललं, पाठ वाचली, मोबाइलमध्ये काहीतरी टाइप केलं आणि हळूच म्हणाली, "ताई, हे सीआय ७५४७० म्हणजे किडे आहेत." खोलीत एकदम शांतता. खोबरेल तेलात कापूस बुडवून मी ती लिपस्टिक पुसली. दुसरी जी एकमेव चालणारी शेड निघाली ती विटकरी होती. मावशी शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, पोरगी फिकट दिसतेय.

यातली मेख अशी की कंपनी खोटं बोललेली नव्हती. ससा खरा होता. चाचणी प्राण्यांवर केली नव्हती, रंग मात्र किड्यांचा होता. क्रुएल्टी-फ्री म्हणजे प्राण्यांवर चाचणी नाही. व्हीगन म्हणजे मालात प्राणिज घटक नाही. एक असून दुसरं नसणं अगदी रोजचं आहे. मधमाशीचं मेण घातलेली लिपस्टिक क्रुएल्टी-फ्री असू शकते, आणि एकही प्राणिज घटक नसलेल्या क्रीमची चाचणी सशावर झालेली असू शकते. तुझ्या नवरीने दोन्ही मागितलंय, तेव्हा दोन्ही वेगवेगळं तपासायचं.

त्याही आधी तिला फोन कर आणि नीट विचार, तिला नेमकं काय चालत नाही. हा माझ्याकडचा पहिला नियम झालाय. जैन घरात बहुतेक वेळा दुधाचं चालतं, पण किडा, मध, मेण, लाख चालत नाही. काटेकोर व्हीगन मुलीला दूधही नको असतं. एखादीला फक्त चाचणीचा प्रश्न असतो, मेणाबद्दल ती म्हणते, असू दे. या उत्तरावर तुझे पाचएक हजार वाचतात. आणि एक सांगते, ती रेशमी नऊवारी नेसणार असेल तर त्यावर टोमणा मारायला जाऊ नकोस. रेशमाचं काय, मोत्याच्या नथीचं काय, हे तिला कळतं. तिने कुठे रेघ ओढायची ते ती ठरवेल. आपलं काम तिच्या रेघेपर्यंत.

आता चाचणीचं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ च्या मे महिन्यापासून बंदी आहे, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून तशी चाचणी केलेला माल आयात करायलाही. आताच्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० मध्येही ती बंदी आहे. म्हणजे इथे बनलेल्या लिपस्टिकवर मोठ्या अक्षरात "प्राण्यांवर चाचणी नाही" लिहिणं म्हणजे "आम्ही सिग्नल पाळतो" असा बोर्ड लावण्यासारखं आहे. चांगलं आहे, पण त्यातून फार कळत नाही. खरा प्रश्न पुढचा असतो: कच्चा माल पुरवणाऱ्याने त्या घटकाची चाचणी कशी केली, आणि हीच कंपनी दुसऱ्या देशात माल विकताना काय करते. चीनमध्ये आयात केलेल्या सगळ्याच मेकअपला पूर्वी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. २०२१ च्या मेपासून साध्या मेकअपला कागदपत्रं पुरी केली तर सूट मिळते, पण हेअर डाय, सनस्क्रीन, गोरेपणाची क्रीमं यांचे नियम अजून वेगळे आणि कडक आहेत. म्हणून कंपनीच्या उत्तरात "कायद्याने आवश्यक असेल तेथे वगळता" असे शब्द दिसले की मी ती डबी परत शेल्फवर ठेवते.

मग विश्वास कशावर ठेवायचा? ससे तीन प्रकारचे. लीपिंग बनी हा सर्वांत कडक. अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांनी तो १९९६ साली सुरू केला. त्यात कंपनीला एक तारीख ठरवून द्यावी लागते, त्यानंतर पुरवठादारांकडूनही चाचणी नाही, आणि बाहेरच्या माणसाला हिशेब तपासू द्यावे लागतात. पेटा या प्राणीहक्क संघटनेचा ससा कंपनीच्या लेखी हमीवर मिळतो. त्यात दोन पायऱ्या आहेत, एक फक्त चाचणीमुक्त आणि दुसरी चाचणीमुक्त अधिक व्हीगन. कुठली पायरी आहे ते बघ, दोन्हीकडे ससाच असतो. तिसरा ससा म्हणजे डिझायनरने गोड दिसावा म्हणून काढलेला. त्याला कुणी विचारत नाही आणि तो कुणाला उत्तर देत नाही. खात्री करायची तर खोक्यावर नाही, त्या संस्थेच्या यादीत ब्रँडचं नाव शोध. दोन मिनिटांचं काम आहे.

व्हीगनसाठी सूर्यफुलाची खूण बघ. ती ब्रिटनच्या व्हीगन सोसायटीची, आणि ती ब्रँडला नाही, एकेका उत्पादनाला मिळते. हिरव्या व्हीवर पान असलेली आपली सरकारी खूण खाण्याच्या वस्तूंसाठी आहे, मेकअपला ती लागू नाही. आणि हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. खाद्यपदार्थांच्या आपल्या नियमांतच दूध, मध, मधमाशीचं मेण आणि लाख हे मांसाहारी धरलेले नाहीत. त्यामुळे ठिपका बघून जैन नवरीला "चालेल" म्हणू नकोस, मी एकदा म्हणून बसलेय. पुण्यात ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून या विषयावर काम करते आहे. घटकांची बारीक माहिती हवी असेल तर त्यांचं लिखाण वाच, आपल्या बाजाराची जाण असलेलं आहे.

आता डबीची पाठ. इथे वेळ घाल.

सगळ्यात आधी लाल. कार्माइन, कोचिनील, क्रिमसन लेक, नॅचरल रेड ४ किंवा नुसतं सीआय ७५४७० (सीआय म्हणजे कलर इंडेक्स, रंगाचा ठरलेला नंबर), ही सगळी एकाच गोष्टीची नावं. फड्या निवडुंगावर पांढऱ्या कापसासारखी बुरशी चढल्यागत दिसते ना, तसे किडे असतात. त्यांच्या माद्या वाळवून, कुटून हा रंग काढतात. सर्वांत जास्त माल पेरू देशातून येतो. एक किलो वाळलेला माल भरायला लाखाच्या वर किडे लागतात. रंग सुंदर आहे हे कबूल केलं पाहिजे. गुलाबीकडे झुकणारा तो थंड लाल, जांभळट बेरी, गालावरचा खरा वाटणारा गुलाबी, हे सगळं त्याच्याच जिवावर चालतं. म्हणून लिपस्टिक, ब्लश आणि गुलाबी-जांभळ्या आयशॅडो इथेच तो सर्वांत जास्त सापडतो. न्यूड, ब्राऊन, विटकरी शेड बहुतेक वेळा लोहाच्या रंगांवर भागतात, सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९. ते खनिज आहेत, बिनधास्त घे. सीआय १५८५० आणि सीआय ४५४१० हे कारखान्यात बनलेले लाल, तेही चालतात.

नावात "लेक" आहे म्हणून घाबरू नकोस. रेड ७ लेक हा कृत्रिम रंग आहे. गंमत अशी की तो लेक शब्द आपल्या लाखेवरूनच गेलाय, लाक्षागृहातली लाक्षा ती. शब्द राहिला, किडा गेला.

आणि हे नीट लक्षात घे: यादीच्या शेवटी "मे कन्टेन" किंवा अधिक-उणे अशी खूण करून सगळे रंग एकत्र छापलेले असतात. कंपनी वीस शेडसाठी एकच मजकूर छापते. त्यात कार्माइन दिसलं म्हणजे तुझ्या हातातल्या शेडमध्ये असेलच असं नाही, आणि नसेलच असंही नाही. शेडचा नंबर देऊन कंपनीला विचारावं लागतं. मी विचारते. चांगल्या कंपन्या चार दिवसांत शेडनिहाय यादी पाठवतात. ज्या "आमची सर्व उत्पादने निसर्गाच्या सान्निध्यातून" असं काहीतरी पाठवतात त्यांचं उत्तर मिळालं असं समजायचं.

मेणाचं तिथेच कळतं. सेरा अल्बा किंवा बीजवॅक्स म्हणजे मधमाशीचं. कांडीची लिपस्टिक, मस्कारा, काजळ पेन्सिल, जेल लायनर, लिप बाम, भुवयांचं वॅक्स, सगळीकडे. त्याऐवजी कँडेलिला, कार्नोबा, राइस ब्रान हे शब्द दिसले की मेण झाडाचं. पण वापरातला फरक तुला माहीत हवा. मधमाशीचं मेण लवचीक असतं आणि तेल धरून ठेवतं. झाडाचं मेण कडक आणि ठिसूळ. व्हीगन कांडी जास्त वर काढून दाब दिलास की बुडाशी मोडते. विदर्भातल्या मे महिन्यात गाडीत ठेवलीस तर तिच्यावर घामासारखे तेलाचे थेंब येतात. खराब झालेली नसते, टिश्यूने टिपून वापर. मी तर व्हीगन नवरीला शक्यतो लिक्विड मॅटच लावते. त्यात मेण सहसा लागतच नाही, आयसोडोडेकेन आणि सिलिकॉनच्या जोडीवर काम चालतं. मग यादीत मेण नाही ना एवढं बघून रंग तपासायचा उरतो. ओठ कोरडे पडतात, त्याला आधी एरंडेलाचं बोट.

बाकीची नावं भराभर सांगते. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीची चरबी, ग्लॉस आणि बाममध्ये. शेलॅक म्हणजे लाख, काही लिक्विड लायनर आणि मस्कारात. ग्वानीन किंवा सीआय ७५१७० म्हणजे माशाच्या खवल्यांची चमक, हल्ली क्वचित, जागा बहुतेक अभ्रकाने घेतलीय. केराटिन, कोलॅजन, सिल्क पावडर हे दिसलं की आधी प्राणिज धरून चाल, कंपनीने लेखी उलट सांगेपर्यंत. स्क्वालेन पूर्वी शार्कच्या यकृतातून यायचं, आता ऊस आणि ऑलिव्हचंही मिळतं. स्टिअरिक ॲसिड, ग्लिसरीन, मॅग्नेशियम स्टिअरेट ही अवघड मंडळी. ताडाच्या तेलातूनही येतात, चरबीतूनही, आणि डबीवर कुठून ते लिहिलेलं नसतं. फाउंडेशन आणि कॉम्पॅक्टमध्ये बहुतेक वेळा हाच संशय असतो. "हंड्रेड पर्सेंट व्हीगन" लिहिलेला ब्रँड असेल तर त्याने हे विचारून घेतलेलं असतं असं मी धरते. दुसऱ्या ब्रँडला मेल करावा लागतो.

विदेशी माल घेताना आयातदाराची पांढरी पट्टी बघ. किमतीची ती पट्टी नेमकी घटकांच्या यादीवर चिकटवलेली असते. नखाने कोपरा उचलून ओलं बोट फिरवलं की खालचं वाचता येतं. दुकानदार ओरडला तर ओरडू दे. पट्टीच नसेल तर तो माल अधिकृत वाटेने आलेला नाही, आणि "फर्स्ट कॉपी" असेल तर खोक्यावरच्या सशाला कवडीचीही किंमत नाही.

डोळ्यांवरच्या रंगाबद्दल एक इशारा. अमेरिकेत डोळ्यांच्या भागासाठी बरेच कृत्रिम लाल मंजूर नाहीत, कार्माइन मात्र मंजूर आहे. त्यामुळे तिकडच्या व्हीगन पॅलेटमध्ये गुलाबी आणि जांभळ्या रंगांपाशी बारीक अक्षरात "डोळ्यांभोवती वापरू नये" असं छापलेलं असतं, किंवा आयशॅडो न म्हणता "प्रेस्ड पिगमेंट" म्हणतात. ते रंग पापणीवर डागही पाडतात, दुसऱ्या दिवशी पूजेला नवरी गुलाबी पापण्यांनी बसते. हिरव्या किंवा पिवळ्या शालूला तसाही मातकट मरून आणि तांब्याचा रंग शोभतो. तोच घे.

आपल्याच चौकटीतल्या दोन गोष्टी विसरू नकोस, कारण तिथे डबी नसते. कुंकवाखाली लावायचं मेण बहुधा मधमाशीचंच असतं. आजीच्या फणेरपेटीतलं तर नक्कीच. चंद्रकोर रेखताना मी आता एरंडेल आणि कँडेलिलाचा पारदर्शक बाम अगदी कणभर लावते. आणि घरी पाडलेलं काजळ. नवरीची आजी हौसेने आणते, डोळ्यात घालच म्हणते. तुपाच्या दिव्यावर धरलेलं आणि तुपात खललेलं असेल तर ते व्हीगन नाही, एरंडेलावरचं असेल तर आहे. आजीला हे समजावण्यापेक्षा नवरीने आधीच घरात बोलून ठेवलेलं बरं.

खोट्या पापण्यांवर "मिंक" असेल तर तो प्राणी आहे, "फो मिंक" (faux, म्हणजे नकली) असेल तर प्लॅस्टिकचा धागा.

ब्रश राहिले. बहुतेक जणी सगळं किट बदलतात आणि बकरीच्या केसांच्या ब्रशने ब्लश लावतात. बकरी, खार, पोनी, सेबल, बॅजर, ही सगळी ब्रशमध्ये असतात. शंका असेल तर एक केस उपटून चिमट्यात धर आणि काडी लाव. रेशमी साडीचा धागा जाळून बघतो ना, तसंच. जळक्या केसांचा वास आला आणि बोटाने चुरून राख झाली तर खरा केस. वितळून टोकाला कडक मणी झाला तर सिंथेटिक. क्रीम आणि लिक्विडला सिंथेटिक ब्रश उलट जास्त चांगले, माल पीत नाहीत आणि धुतले की लवकर वाळतात. पावडरला मात्र हात हलका ठेव, बकरीच्या ब्रशइतकी पावडर ते धरत नाहीत, एकाच जागी सोडतात.

आता तुझे पंधरा हजार. सगळं किट बदलू नकोस. आहे त्या डब्या टेबलावर मांड, पाठी वाच, तीन ढीग कर: नक्की चालतं, नक्की नाही, विचारायचंय. माझ्या अंदाजाने तुझ्या अर्ध्या आयशॅडो, सेटिंग स्प्रे, लूज पावडर पहिल्या ढिगात येतील. पैसे या क्रमाने घाल: लिपस्टिक दोन-तीन, मस्कारा, काजळ-लायनर, ब्लश, मग पाच सिंथेटिक ब्रश, पापण्यांची जोडी. फाउंडेशन शेवटी, आणि तेही नवरीच्या शेडचं एकच.

नावं. ठाण्याचं प्लम आणि डिस्गाइज हे दोन्ही ब्रँड आपला सगळा माल व्हीगन आणि क्रुएल्टी-फ्री असल्याचं सांगतात. डिस्गाइजच्या लिपस्टिक मी बऱ्याच नवऱ्यांना लावल्यात. विदेशीत एल्फ पूर्ण व्हीगन, खिशाला झेपणारं. द बॉडी शॉपच्या मालाला व्हीगन सोसायटीची खूण आहे. शुगर, के ब्यूटी आणि निक्स हे क्रुएल्टी-फ्री, पण प्रत्येक शेड व्हीगन नसते, तिथे पाठ वाचायचीच. निक्स लोरियाल समूहाचा आहे. काही मुलींना मूळ कंपनीही चालत नाही, तेही त्या पहिल्या फोनमध्येच विचारून घे. माझं स्वतःचं मत विचारशील तर छोटा ब्रँड मोठ्याने विकत घेतला म्हणून मी तो टाकत नाही, पण हे मत नवरीवर लादतही नाही. आणि कंपन्या फॉर्म्युला न सांगता बदलतात, तेव्हा मागच्या वर्षी वाचलेली डबी यंदा परत वाच.

व्हीगन आहे म्हणून त्वचेला सोसेलच असं मात्र कुणाला सांगू नकोस. झाडाचं मेण, सुगंधी तेलं यांनीही पुरळ येतं. ट्रायल निदान तीन आठवडे आधी ठेव, जबड्याखाली आणि कानामागे लावून दोन दिवस थांब. ट्रायलच्या दिवशी प्रत्येक डबीच्या पाठीचा फोटो काढून नवरीला पाठव आणि तिचं "चालेल" लेखी घे. लग्नाच्या दिवशी तिच्या बहिणीने खोकं उचललं तर तुझ्या पोटात गोळा येणार नाही.

जुने बकरीचे ब्रश आणि कार्माइनवाल्या लिपस्टिक फेकू नकोस, बाकीच्या नवऱ्यांना चालतात, मीही वापरते. फक्त त्या दिवशी ते घरी ठेव, गाडीच्या डिकीतही नको. लग्नघरात लाइट गेलेली असते, फोटोग्राफर दारात उभा असतो, आणि हात सवयीच्या ब्रशकडेच जातो.